माणसं आकाशात, बूट मात्सुयामात

विमानात कसं बसावं, कसं उठावं, कानाला दडे बसले तर काय करावं आणि ढगात शिरल्यावर चेहरा कसा ठेवावा, हे अख्ख्या मात्सुयामा गावात फक्त एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. ती व्यक्ती म्हणजे सुमिए. वय पंधरा, इयत्ता नववी, आजवरचे विमानप्रवास शून्य!

पण शून्याने काय अडतं? तिच्याकडे पुस्तिका होती. रद्दीच्या गठ्ठ्यात सापडलेली, चकचकीत कागदाची, वर निळ्या आभाळात चार पंख्यांचं विमान. सुमिएने ती इतक्यांदा वाचली होती की पानं तिला ओळखायला लागली होती. गेल्या महिन्यापर्यंत ही मुलगी वर्गात हात वर करायलाही लाजायची. मग भूगोलाच्या तासाला एकदा उभं राहून तिने विमानावर दहा मिनिटं भाषण ठोकलं, बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून तिचा आत्मविश्वास आधणातल्या भातासारखा झाकण उडवत होता.

अशात १९५८ सालच्या ऑक्टोबरात वादळ आलं. धक्का मोडला, ओसाकाची बोट चार दिवस बंद. नेमका शनिवारी दुपारी तीन वाजता ओसाकात किकुए मावशीचा बघण्याचा कार्यक्रम!

किकुए मावशी एकोणतीस वर्षांची. गावातल्या निम्म्या किमोनोंची शिवण तिच्या हातची, पण तोंडातून शब्द काढायचा तर सुईत दोरा ओवण्यापेक्षा जास्त वेळ लागायचा. चार स्थळं आली आणि "मुलगी चांगली आहे, पण बोलत नाही" असं सांगून गेली. हे पाचवं. ओसाकात घड्याळं दुरुस्त करणारे कोणी ताजिमा, वय चौतीस. आजी म्हणाली होती, "हे शेवटचं. यापुढे मी तिचा फोटो कुणाच्या घरी पाठवणार नाही." आजीचा शब्द म्हणजे दगडावर कोरलेला.

तेव्हा आजोबांनी मन घट्ट केलं आणि विमानाची दोन तिकिटं आणली. दुसरं तिकीट खरं तर सुमिएच्या आईचं, पण वादळात कौलं सावरताना तिचा पाय मुरगळला.

"मी जाते ना सोबत," सुमिए म्हणाली. "तसंही तुमच्यापैकी कुणाला काय कळतंय विमानातलं?"

"आणि तुला कळतं?" आईने विचारलं.

सुमिएने पुस्तिका वर धरली. आईचा पाय दुखत होता, वाद घालायची ताकद नव्हती. असे मोठे मोठे निर्णय घरात नेहमी कुणाचं तरी काहीतरी दुखत असतानाच होतात.

त्या काळचा विमानतळ म्हणजे काय, तर एक लाकडी खोली, एक वजनकाटा आणि पलीकडे गवत. वजनकाट्यावर आधी सामान चढायचं आणि मग माणसं. वजन मोठ्याने सांगायची पद्धत होती, त्यामुळे अर्धे प्रवासी उडायच्या आधीच खाली मान घालून बसलेले. बाहेर भुरभुर पाऊस. विमान शेपूट जमिनीला टेकून, नाक आभाळाकडे करून, धन्याची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं बसलं होतं. दोन पंख्यांचं, एकवीस माणसांचं.

किकुए मावशीने फिकट जांभळा किमोनो नेसला होता आणि पायात त्याच रंगाच्या नव्याकोऱ्या चपला. या चपला खास शिवून घेतलेल्या. मध्यस्थ बाईंनी पत्रात लिहिलं होतं, मुलाची आई आधी पाय बघते, मग चेहरा. म्हणून गेला महिनाभर घरात चेहऱ्याचं कुणी नावही काढलं नव्हतं.

"सुमी," मावशी कुजबुजली, "माझे हात गार पडलेत."

"मावशी, तू फक्त माझ्याकडे बघ. मी करेन तसं कर. बास."

"आणि तू चुकलीस तर?"

सुमिए हसली. हे हसू तिने घरी आरशात बसवून घेतलं होतं.

शेजारच्या बाकावर हामागुची म्हणून लाकडाचे व्यापारी बसले होते. तपकिरी चकचकीत बूट, पोटावर घड्याळाची साखळी. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "घाबरायचं काही कारण नाही. मी विमानतळाच्या अकरा वाऱ्या केल्यात. ही बारावी." सगळ्यांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. सुमिएला जरा राग आला. आदराचा तो वाटा खरं तर तिचा होता.

म्हणूनच नाव पुकारलं जाताच ती सगळ्यांच्या पुढे सुटली. तिकिटं तपासणारा माणूस खोलीच्या दारातच थांबला. पुढे गवतातून विमानापर्यंत प्रवाशांनी आपलं आपण जायचं होतं. शिडीशी पोचून तिने वर पाहिलं. दार उघडं, आत राखाडी गालिचा. स्वच्छ! त्याच्यावर एक डाग नाही. हवाईसुंदरी आत पुढच्या बाजूला उशा मांडत होती.

आणि सुमिएच्या पायांत ब्रेक लागला.

पुस्तिकेत सगळं होतं, पण बुटांचं काही नव्हतं. मात्र सतराव्या पानावर एक चित्र होतं. खुर्चीत रेललेली बाई, मांडीवर मासिक, आणि पायांत मऊ कापडी सपाता. आता तुम्हीच सांगा, आत पाहुण्याला सपाता देतात म्हणजे बूट कुठे राहतात? बाहेर! हे तान्ह्या पोराला कळतं. घर असो, शाळा असो, देऊळ असो, उंबऱ्याच्या आत चिखलाचे पाय घेऊन कोण जातं?

ते चित्र रात्रभर उडत अमेरिकेला जाणाऱ्या विमानातलं होतं आणि त्या बाईचे बूट तिच्याच खुर्चीखाली होते, हे चित्रात दिसत नव्हतं. चित्रकाराने थोडं खाली काढलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

सुमिएने शिडीच्या बाजूला, पंखाच्या आडोशाला बूट काढले. आईने शिकवल्याप्रमाणे जोडी नीट लावली, टोकं बाहेरच्या दिशेला, म्हणजे परतताना पाय सरळ आत जावेत. मावशीने तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि जांभळ्या चपला शेजारी लावल्या.

मागे हामागुची उभे. क्षणभर त्यांचा चेहरा परीक्षेत न वाचलेला प्रश्न आल्यासारखा झाला. मग ते खाकरले.

"हो, हो. बूट. अर्थातच," असं म्हणून ते वाकून नाड्या सोडायला लागले.

अकरा वाऱ्यांचा माणूस बूट काढतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला विचार करायचा? एकामागून एक सगळ्यांनी काढले. एकवीस जोड्या, एका रेषेत, टोकं बाहेर. इतकी सुंदर रांग की देवळातल्या पुजाऱ्याने बघत राहावं.

आत चढ होता. शेपटाकडच्या दारातून शिरायचं आणि डोंगर चढल्यासारखं खुर्चीपर्यंत जायचं, तेही मोज्यांवर. दोन पावलं वर, एक खाली. संत्र्यांची पिशवी घेतलेल्या एक आजी तर तीनदा दारापर्यंत परत आल्या. हवाईसुंदरीला नोकरीला लागून जेमतेम आठवडा झाला होता. तिने सगळ्यांचे मोजे पाहिले आणि तिला वाटलं, किती नीटनेटकी माणसं, ओले बूट बोचक्यात बांधून घेतलेत. तिने कौतुकाने सगळ्यांना गोळ्या वाटल्या.

इंजिनं खोकली, धूर निघाला, पंखे आधी दिसले आणि मग दिसेनासे झाले. सुमिए मागच्या खिडकीशी होती. मावशीने डोळे गच्च मिटून तिचा हात धरला होता. विमान हललं.

तेव्हा सुमिएला ते दिसलं.

शिडी बाजूला गेली होती. ओल्या गवतात एकवीस जोड्या शहाण्या मुलांसारख्या ओळीत बसून होत्या. आणि तेलकट कपड्यांतला एक मेकॅनिक विमानामागे जीव खाऊन धावत होता. त्याच्या एका हातात तपकिरी बूट होता, दुसऱ्या हातात जांभळी चप्पल. दोन्ही हात तो डोक्यावर जोरजोरात हलवत होता.

"बघा, बघा," पुढून हामागुचींचा आवाज आला. पावसाच्या काचेतून त्यांना फक्त हात दिसत होते. "निरोप द्यायची काय ही पद्धत! आगगाडीवाले असा निरोप देतील का कधी?"

आणि सगळं विमान खिडक्यांतून प्रेमाने हात हलवायला लागलं. मेकॅनिक अजून जोरात हलवू लागला. विमानातले त्याहून जोरात. मग शेपूट उचललं गेलं, जमीन सुटली, आणि तो माणूस मुंगीएवढा झाला. मुंगीच्या हातात बूट.

सुमिएने मात्र हात हलवला नाही.

आता काय? सांगितलं तर विमान मागे फिरेल, तीनचा कार्यक्रम हुकेल, आजीचा शब्द दगडावरचा. नाही सांगितलं तर मावशी त्या पायांच्या पारखी सासूसमोर नुसत्या मोज्यांवर उभी राहील. कुठल्याही बाजूने गेलं तरी मावशीचं लग्न मोडणारच, आणि मोडणारी आपण. सुमिएने गोळी गिळली. ती न चघळता गेली.

"सुमी, उडालो का गं?" मावशीने डोळे न उघडता विचारलं.

"उडालो."

"मग आता काय करायचं?"

पुस्तिकेत लिहिलं होतं, 'निश्चिंत मनाने निसर्गशोभा पाहावी.' सुमिएने खिडकीबाहेर पाहिलं. खाली समुद्रात बेटं पसरली होती. प्रत्येक बेट तिला बुटासारखं दिसत होतं.

दहा मिनिटांनी धीर करून ती उठली आणि हवाईसुंदरीकडे निघाली. "मला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली.

"पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं," हवाईसुंदरी मायेने म्हणाली आणि कागदी पिशवी तिच्या हातात दिली.

"तसं नाही. फार वाईट झालंय."

"म्हणूनच बोलू नका. लांब श्वास घ्या." तिने आणखी एक पिशवी दिली.

तेवढ्यात विमान खाली बसलं, मग वर आलं, आणि सुमिए मोज्यांवरून घसरत थेट आपल्या खुर्चीपर्यंत पोचली. दोन पिशव्यांसह.

समोरच्या संत्रीवाल्या आजी मागे वळल्या. "पोरी, पांढरी पडलीस. हे संत्रं खा. मी बघ, नातवाच्या पदवीदानाला चाललेय. लेकाने मुद्दाम नव्या चपला घेऊन दिल्या. म्हणाला, आई, तिथे सगळे मोठे लोक येणार."

सुमिएला संत्र्याची फोड कडू लागली.

"आमचेही नवेच," पलीकडून कुणीतरी म्हणालं. त्या दिवशी विमानात जुने बूट घालून कोणीच आलं नव्हतं बहुतेक! आयुष्यात पहिल्यांदा उडायचं म्हणून जो तो नखशिखांत नवा होऊन आला होता. प्रत्येक नव्या बुटाबरोबर सुमिए खुर्चीत बोटभर खाली जात होती. अशीच जात राहिली असती तर ओसाका यायच्या आत सामानाच्या कप्प्यात पोचली असती.

आणि मग हामागुचींनी हात वर केला.

"अहो बाई, सपाता राहिल्या की वाटायच्या. पाय गारठले."

"सपाता?" हवाईसुंदरी म्हणाली. "आमच्याकडे नसतात. बूटच घाला ना."

"बूट तुमच्या माणसांनी आत घेतले असतील. ते उतरताना घालू."

"आमच्या कुठल्या माणसांनी?"

एकवीस डोकी आपापल्या पायांकडे वळली. मग हामागुचींकडे. हामागुचींनी मागे वळून सुमिएकडे पाहिलं.

सुमिए उभी राहिली. ती कमरेत पूर्ण वाकली. "चूक माझी आहे. बूट खाली राहिलेत. मी पाहिलं. तो माणूस निरोप देत नव्हता. मी... मी याआधी कधी विमानात बसलेले नाही. मला वाटलं होतं की मला सगळं येतं."

मग हामागुचींनी साखळीशी चाळा करत घसा साफ केला.

"पोरीला रागवू नका," ते म्हणाले. "मी अकरा वेळा विमानतळावर आलोय ते खरं आहे. पण दर वेळी कुणाला तरी पोचवायला."

हवाईसुंदरी धावत पायलटच्या खोलीत गेली आणि धावत परत आली. "कॅप्टन विचारतायत, मागे फिरायचं का? बूट मिळतील. पण तेल भरून पुन्हा उडायचं म्हणजे संध्याकाळ होईल."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. नव्या बुटांची माया मोठी असते. कुणी म्हणेना फिरा, कुणी म्हणेना नको.

"नाही," एक आवाज आला. "पुढे चला."

सुमिएने वळून पाहिलं. किकुए मावशीने डोळे उघडले होते. चार स्थळांसमोर चार शब्द न बोललेली मावशी एकवीस माणसांसमोर बोलत होती. "मला तीन वाजता ओसाकात एका माणसाला भेटायचंय. हे माझं शेवटचं स्थळ आहे. तुमची गैरसोय होईल, माफ करा. पण तो पाय बघून नाही म्हणाला तर म्हणू दे. मी पोचलेच नाही, असं नको व्हायला."

एवढं बोलून ती खाली बसली आणि आपण काय केलं हे लक्षात येऊन किमोनोच्या बाहीत तोंड लपवलं.

"एवढी तरणी पोर, शेवटचं कसलं?" संत्रीवाल्या आजी पुटपुटल्या आणि मग मोठ्याने म्हणाल्या, "ए बाई, सांग तुझ्या कॅप्टनला. सरळ जा म्हणावं. जोरात."

त्यानंतर ते विमान राहिलं नाही, मुलीकडचं वऱ्हाड झालं! आजींनी गाठोड्यातून पदवीदानासाठी जपलेले कोरे पांढरे मोजे काढले आणि मावशीच्या हातात कोंबले. "उतरताना बदल. निदान मळलेले नकोत." हामागुचींनी सगळ्यांची वर्तमानपत्रं गोळा केली. हवाईसुंदरीने मावशीचे केस नीट केले. कॅप्टनने निरोप पाठवला की ओसाकाच्या विमानतळाला रेडिओवर कळवलंय, सपाता शोधताहेत.

सपाता सापडल्याही. सहा जोड. सहाही जोडांवर मोठ्या अक्षरांत 'शौचालय' लिहिलेलं.

"या घालून मी सासूसमोर जाणार नाही," मावशी शिडीच्या तोंडाशी म्हणाली. आज तिला बोलायची सवयच लागली होती.

ओसाकातही पाऊस होऊन गेला होता. कुंपणापलीकडे मध्यस्थ बाई उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी काळ्या किमोनोतल्या एक ताठ बाई, आणि त्यांच्या शेजारी उंच, किरकोळ, चष्मा लावलेला माणूस. शिडीवरून आधी हामागुची उतरले, मोज्यांवर, आणि ओल्या सिमेंटवर वर्तमानपत्राचं पान अंथरलं. मग दुसरं. मागून एकेक प्रवासी पान अंथरत गेला आणि बाजूला उभा राहिला. विमानापासून फाटकापर्यंत बातम्यांची वाट झाली. त्या वाटेवरून, दोन्ही बाजूंना मोज्यांवरच्या लोकांच्या रांगेतून, किकुए मावशी खाली बघत चालत आली. तिच्यामागे सुमिए. त्या क्षणी तिला परत वर्गातल्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायचं होतं. जन्मभरासाठी.

काळ्या किमोनोतल्या बाईंची नजर सरळ पायांवर गेली. त्यांचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. मध्यस्थ बाईंनी पंख्याने चेहरा झाकला. सुमिएने मनात आजीचा आवाज ऐकला आणि डोळे मिटून घेतले.

खसखस असा आवाज झाला. तिने एक डोळा उघडला. ताजिमा खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते.

"केनकिची, हे काय करतोस?" त्यांची आई म्हणाली.

"सगळ्यांनी काढलेत, आई," ते म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "विमानातून आलेल्या माणसांची रीत असेल. आपणच तेवढे घालून उभे, बरं दिसत नाही."

त्यांनी बूट नीट जोडीने ठेवले, टोकं बाहेर, आणि वर्तमानपत्रावर उभे राहिले. उजव्या मोज्याला भोक होतं. त्यातून अंगठा बाहेर येऊन सगळ्यांना नमस्कार करत होता.

मावशी अजून खालीच बघत होती, त्यामुळे तिला सगळ्यात आधी तोच दिसला. ती बघत राहिली. मग तिच्या खांद्यांना झटका बसला. सुमिएला वाटलं, रडतेय. पण मावशी हसत होती, बाहीत तोंड लपवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तो मोजा द्या," ती म्हणाली. "मी शिवून देते."

पुढच्या वसंतात लग्न झालं. बूट दोन दिवसांनी पुढच्या विमानाने आले होते, संत्र्यांच्या खोक्यांत भरून, आणि लग्नाच्या दिवशीसुद्धा मावशीच्या जांभळ्या चपलांना संत्र्याचा वास येत होता. सुमिए मात्र गावी बोटीने परतली. पुस्तिका तिने समुद्रात टाकली नाही, सतरावं पान तेवढं फाडलं.

आता ती दोन पंख्यांची विमानं गेली. शेपूट टेकून बसणारं विमान नाही, गोळ्या नाहीत, धावत निरोप देणारं कोणी नाही. मागच्या महिन्यात मावशीच्या पंचाण्णवाव्या वाढदिवसाला सुमिए पुन्हा ओसाकाला निघाली. वय एक्याऐंशी, विमानप्रवासांची संख्या मोजायची सोडून दिलेली. तपासणीच्या फाटकाशी गणवेशातल्या मुलीने प्लास्टिकचा ट्रे पुढे केला.

"आजी, बूट काढून यात ठेवा."

सुमिए जागची हलेना. मागे रांग खोळंबली. कुणीतरी घड्याळ बघितलं.

"काढते ना," ती म्हणाली. "पण आधी नीट सांग बाई, हे माझ्याच विमानाने येणार आहेत का?"